४०० ची लेन्स ८०० होत नाही

पक्ष्यांचे फोटो टिपणाऱ्यांच्या गटांत लहान सेन्सरच्या 'मायक्रो फोर थर्ड्स' कॅमेऱ्यांची बाजू घेणारा एक फॉरवर्ड फिरतोय: 'मायक्रो फोर थर्ड्स घ्या. ४०० मिमीची लेन्स त्यावर ८०० होते, एफ ६.३ म्हणजे प्रकाश फुल फ्रेमइतकाच, वजन निम्मं, आणि लेन्स कुठल्याही कंपनीची चालते.'

'८०० होते.' लेन्स ४०० चीच राहते. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर १७.३ × १३ मिमीचा, फुल फ्रेमचा ३६ × २४ चा, त्यामुळे कडेचं दृश्य गळतं आणि चौकटीत पक्षी मोठा दिसतो. पाहायचं ते पक्ष्यावर पिक्सेल किती पडतात. भिगवणला होडीपासून ५० मीटरवर अर्धा मीटर लांबीचा पक्षी बसलाय असं धरा. ४०० ला त्याची प्रतिमा ४ मिमीची, म्हणजे २० मेगापिक्सेलच्या ओएम-१ या मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यावर साधारण १,२०० पिक्सेल. फुल फ्रेमच्या निकॉन झेड ८ वर १८०-६०० मिमीची लेन्स लावली तर ६०० ला ती ६ मिमीची, म्हणजे १,३८० च्या आसपास. फुल फ्रेम २४ मेगापिक्सेलचा असेल तर मात्र हजारावरच अडतो, तिथे फॉरवर्डवाला जिंकतो.

'प्रकाश तेवढाच.' सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. एफचा आकडा सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरचा हिशेब देतो. पक्ष्याकडून एकूण किती प्रकाश गोळा झाला, ते लेन्सच्या छिद्राच्या व्यासावर ठरतं: ४०० भागिले ६.३ म्हणजे ६३ मिमी, ६०० भागिले ६.३ म्हणजे ९५. क्षेत्रफळात सव्वादोन पट! सोनी २००-६०० आणि निकॉन १८०-६०० ला ९५ मिमीचा फिल्टर लागतो, ऑलिंपस १००-४०० ला ७२ चा, ते उगाच नाही. लख्ख उन्हातल्या फ्लेमिंगोंना हा फरक जाणवणारही नाही. उजाडताना आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० वर गेला, की तो पिसांत दिसतो.

'वजन निम्मं.' खरं आहे. ऑलिंपस १,१२० ग्रॅम, सोनी-निकॉनच्या त्या दोघी दोन किलोच्या आसपास, आणि हलत्या होडीत ट्रायपॉड कुचकामी. पण ही काही मायक्रो फोर थर्ड्सची मक्तेदारी नाही. कॅननची आरएफ १००-४०० अवघी ६३५ ग्रॅमची, आणि कॅननच्याच आर७ कॅमेऱ्यावर ती पक्ष्यावर ओएम-१ पेक्षा थोडे जास्तच पिक्सेल टाकते. मात्र टोकाला एफ ८ आहे, आणि आर७ चा सेन्सर सावकाश वाचला जातो, म्हणून इलेक्ट्रॉनिक शटरवर फडफडते पंख वाकडे येतात. ओएम-१ चा स्टॅक्ड (झटपट वाचला जाणारा) सेन्सर इथे बराच पुढे आहे. मिरवायचं तर हे मिरवायचं, फॉरवर्डात नेमका त्याचाच पत्ता नाही.

'कुठल्याही कंपनीची चालते.' बसते, पण पूर्ण चालत नाही. पॅनासॉनिकची १००-४०० ऑलिंपसच्या बॉडीवर लावली की लेन्सचं आणि बॉडीचं स्थिरीकरण (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) जोडीनं काम करत नाही. फुल फ्रेमवालेही यातून सुटलेले नाहीत. सोनीवर सिग्मा १५०-६०० सेकंदाला १५ फ्रेमच्या वर जात नाही. सोनीच्या ए१ कॅमेऱ्याची धाव ३० ची, त्याच्या मालकानं ती घेऊ नये. ए७ फोरला मुळात १० च मिळतात. टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारं जोडभिंग) नको असेल, तर ए७ फोरवाल्यानं ती बिनधास्त घ्यावी.