सुई लावली की कॅन्सर पसरतो? एका फॉरवर्डला उत्तर

देवस्थानचा गट, भजनी मंडळाचा गट आणि शाळासोबत्यांचा गट. गोव्यातल्या मराठी माणसाच्या फोनवर हे तीन असतातच, आणि सध्या तिन्हींवर एकच लांबलचक मजकूर फिरतो आहे: ‘कॅन्सरबद्दल डॉक्टर जे सांगत नाहीत’. त्यातले दावे थोडक्यात असे. बायोप्सीची, म्हणजे गाठीचा तुकडा तपासायला काढण्याची, सुई लागली की गाठ फुटते आणि रोग अंगभर पसरतो. चौथी स्टेज म्हणजे पेशंटला घरी न्या. केमो ९७ टक्के लोकांवर चालतच नाही, माणूस रोगाने नाही तर औषधाने मरतो. साखर तोडली की गाठ उपाशी मरते. लक्ष्मणफळ केमोपेक्षा दहा हजार पट जोरदार. आणि शेवटी, दोन लॅबचे रिपोर्ट जुळत नाहीत, त्यामुळे सगळंच थोतांड.

तळाला अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचं आणि मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाचं नाव आहे. ते आधी बाजूला करू. जॉन्स हॉपकिन्सच्या नावाचं पत्र कित्येक वर्षांपासून फिरतं आहे, आणि ते आपलं नाही असं त्या संस्थेने मुद्देसूद उत्तर देऊन जाहीर केलेलं आहे. टाटाचं नाव पूर्वी ‘गरम नारळपाण्याने कॅन्सर मरतो’ या मजकुराखाली, तिथले डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावासकट चिकटवलं गेलं होतं. टाटानेही खुलासा केला. खुलासे कोणी फॉरवर्ड करत नाही. नारळ उकळून कॅन्सर बरा होत असता तर रोज हुमण, म्हणजे नारळाची आमटी, जेवणाऱ्या गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाला कॅन्सरचा विभाग काढावाच लागला नसता.

मी डॉक्टर नाही. नोकरीभर पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होतो. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मेलिनमधून मेणात आणि मेणातून काचेवर नेणं हे माझं काम. त्यामुळे बायोप्सीवर जरा जास्त बोलेन, आणि साखरेवर फारसं नाही.

‘सुई लागली की गाठ फुटते.’ बहुतेक गाठी भरीव मांसाच्या असतात. कोअर बायोप्सीच्या सुईत येते ती शेवयीच्या तुकड्याएवढी कांडी. फुटण्यासारखं तिथे काही नसतं. पण सुईच्या वाटेवर थोड्या पेशी सांडू शकतात का? शकतात. हे कोणी लपवलेलं नाही, पाठ्यपुस्तकात लिहिलेलं आहे, आणि जिथे हा धोका खरा आहे तिथे नियमच वेगळे आहेत. यकृताच्या कॅन्सरमध्ये शंभरात साधारण दोन-तीन जणांच्या बाबतीत सुईच्या वाटेवर गाठ आलेली आढळली आहे. म्हणून सिरोसिस (यकृत कडक होण्याचा आजार) असलेल्या माणसाच्या सीटीवर किंवा एमआरआयवर ठरावीक खुणा स्पष्ट दिसल्या तर तिथे बायोप्सीशिवायही निदान करतात. वृषणाच्या गाठीत सुई घालत नाहीत, जांघेतून छेद घेऊन वृषणच काढून तपासायला पाठवतात. हाडामांसाच्या सार्कोमात सुई कुठून जाणार हे पुढे ऑपरेशन करणारा सर्जन ठरवतो, म्हणजे ती वाट नंतर गाठीबरोबर कापून काढता येते.

उरलेल्या बहुसंख्य कॅन्सरमध्ये काय होतं? स्वादुपिंडाचं उदाहरण घ्या, कारण भीती तिथेच सगळ्यात जास्त. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१५ साली दोन हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऑपरेशनच्या आधी सुईने तपासणी झालेले रुग्ण, न झालेल्यांपेक्षा कमी नाही तर जास्त जगले होते. सुईने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ कोणी काढू नये. सुईने ते घटत नाही, एवढा मात्र काढता येतो.

मग ‘बायोप्सी केली आणि महिन्याभरात माणूस खलास’ असे किस्से प्रत्येक वाड्यावर कसे? क्रम पाहिला की उलगडतं. गाठ लागते तेव्हा माणूस चालता-फिरता असतो. आधी महिनाभर लेप, मग देवाला कौल, मग ‘चवथ (गणेशचतुर्थी) होऊन जाऊ दे’. चवथीनंतर बायोप्सी, रिपोर्ट, मग स्कॅन, आणि स्कॅनमध्ये यकृतावर ठिपके. ते ठिपके सुईने आठ दिवसांत उगवलेले नसतात. दिसण्याएवढे मोठे व्हायला त्यांना महिने, कधी वर्षं लागलेली असतात. पण घरच्यांच्या आठवणीत बायोप्सी आणि ठिपके शेजारी-शेजारी बसतात आणि चवथीची वाट पाहण्यात गेलेला काळ गळून पडतो. कौल लावायला माझी हरकत नाही, आमच्या घरीही लावतात. फक्त त्याच आठवड्यात बांबोळीचा नंबरही लावावा.

बायोप्सी टाळल्याचं नुकसान मात्र कोणी मोजत नाही. आपल्या देशात क्षयरोग मुबलक. टीबीच्या गाठी पेट स्कॅनवर (ग्लुकोज जास्त खाणाऱ्या जागा दाखवणारा स्कॅन) कॅन्सरसारख्याच लखलखतात. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या, गाठी मानेत हाताला टीबीसारख्या लागतात. नुसत्या अंदाजावर टीबीची औषधं महिनोन् महिने खात बसलेला लिम्फोमाचा रुग्ण कुठल्याही पॅथॉलॉजिस्टला विचारा, आठवेल. आणि उलटही, ‘कॅन्सर आहे’ म्हणून घर हादरलं आणि काचेवर निघाला टीबी. तुकडा पाहिल्याशिवाय हे सांगता येत नाही.

रिपोर्टला उशीर का, हा माझ्या खिडकीशी कायम येणारा प्रश्न. स्तनाच्या गाठीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये किमान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास मुरावा लागतो, नाहीतर पुढच्या तपासण्या फसतात. मग मेण, मग मिलिमीटरच्या काही हजाराव्या हिश्श्याएवढे पातळ काप, मग रंग. ‘कॅन्सर आहे’ एवढं कळल्यावर आयएचसी नावाची दुसरी फेरी, म्हणजे पेशींवरची ठरावीक प्रथिनं रंगवून पाहणं: ईआर, पीआर, हर-टू. टॅमॉक्सिफेन द्यायचं की नाही हे पहिल्या दोन्हींवर ठरतं, ट्रास्टुझुमॅब द्यायचं की नाही हे तिसऱ्यावर. ज्या तपासणीला फॉरवर्ड ‘गाठ फोडणं’ म्हणतो, तिच्याशिवाय कोणतं औषध लिहायचं हेच डॉक्टरला कळत नाही.

‘चौथी स्टेज म्हणजे संपलं.’ आधी एक घोळ निस्तरू. रिपोर्टवर ‘ग्रेड ३’ असतं आणि घरी फोन जातो ‘तिसऱ्या स्टेजला आहे’. ग्रेड म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात. स्टेज म्हणजे रोग शरीरात कुठवर पोचला. ग्रेड ३ ची गाठ पहिल्या स्टेजमध्ये असू शकते. स्टेज ठरते टी, एन, एम या तीन अक्षरांवर: मूळ गाठ केवढी किंवा किती खोल, आसपासच्या लसिकाग्रंथींत गेली का, आणि दूरच्या अवयवात पोचली का. ऑपरेशनच्या आधी स्कॅनवरून काढलेली स्टेज आणि ऑपरेशननंतर काढलेल्या भागावरून काढलेली स्टेज वेगळी येऊ शकते. कारण स्कॅनला न दिसलेली ग्रंथी काचेवर दिसते. ‘ऑपरेशन केलं आणि दुसऱ्याची तिसरी झाली’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून निघते. रोग तोच, नजर जवळ गेली.

आता चौथी स्टेज. हा आकडा सगळ्या कॅन्सरना सारखा लागत नाही. पॅपिलरी थायरॉइड कॅन्सरचा रुग्ण ५५ वर्षांखालचा असेल, तर फुप्फुसात पसरला तरी त्याची स्टेज दुसरीच धरतात, कारण एवढे लोक त्यातून नीट जगतात. वृषणाच्या कॅन्सरला चौथी स्टेज ठेवलेलीच नाही, तिसरीवर यादी संपते. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा कॅन्सर १९९६ साली पोट, फुप्फुसं आणि मेंदूपर्यंत गेला होता. तो आजही आहे. (पुढे तो वेगळ्याच औषधांमुळे बदनाम झाला, ती गोष्ट निराळी.) हॉजकिन लिम्फोमा चौथ्या स्टेजलाही अनेकांचा पूर्ण बरा होतो. आणि रक्ताच्या कॅन्सरला ही टी-एन-एमची मोजणी लागूच नाही.

फुप्फुस, स्वादुपिंड, पित्ताशय यांची गोष्ट वेगळी, आणि ती गोड करून सांगण्यात अर्थ नाही. तिथे चौथी स्टेज बहुधा बरी होत नाही. गोव्यात हा विषय निघाला की पर्रीकरांचं नाव येतंच: ‘मुख्यमंत्र्यांना अमेरिकेला नेलं, तरी १७ मार्च २०१९ ला गेलेच ना? मग आपल्यासारख्यांनी कशाला धडपडायचं?’ मनोहर पर्रीकरांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, आणि निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण त्या रोगात अमेरिकेतही शंभरात साधारण बारा-तेरा आहे. वृषणाच्या कॅन्सरमध्ये ते शंभरात पंचाण्णवच्या घरात आहे. एका रोगाचा निकाल दुसऱ्यावर लावून पेडण्यातली स्तनाच्या गाठीची बाई घरी बसते तेव्हा मला राग येतो. आणि बरं होणार नसलं तरी करण्यासारखं बरंच असतं. हाडाच्या दुखण्यावर थोडे दिवस शेक, म्हणजे रेडिएशन, तुंबलेल्या पित्तासाठी स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी नळी, दुखण्यासाठी मॉर्फिन. ‘घरी न्या’ म्हणणारा फॉरवर्ड रात्री तीनला कण्हणाऱ्या माणसाजवळ बसायला येत नाही.

‘केमो ९७ टक्के निकामी.’ हा आकडा हवेतून आलेला नाही, म्हणून जास्त धोक्याचा. २००४ साली तीन ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी एक लेख लिहिला. प्रौढांच्या २२ कॅन्सरमध्ये पाच वर्षं जगण्यात केमोचा वाटा ऑस्ट्रेलियात २.३ आणि अमेरिकेत २.१ टक्के, असा त्यांचा हिशोब. कोणीतरी तो शंभरातून वजा केला आणि झाले सत्त्याण्णव. पण भागताना सगळे नवे रुग्ण धरले होते, ज्यांना केमोची गरजच नव्हती आणि जे नुसत्या ऑपरेशनने बरे झाले त्यांच्यासकट. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, जिथे केमोच मुख्य उपचार, तो हिशोबातच धरला नव्हता. केमोने गाठ आधी लहान करून मग ऑपरेशन करणं किंवा दुखणं कमी करणं, हेही त्यात येत नाही.

‘माणूस औषधाने मरतो’ यात मात्र अर्धं सत्य आहे, आणि ते नीट समजलं तर जीव वाचतात. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे आणीबाणी. गोव्यात पावसाळ्यात ताप म्हटला की घरोघरी निदान तयार असतं, डेंग्यू नाहीतर लेप्टो, आणि क्रोसिन देऊन उद्यापर्यंत बघू. केमोच्या रुग्णाला ही ‘उद्या’ परवडत नाही. काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. क्रोसिनने ताप उतरतो, जंतुसंसर्ग तसाच आत चालू राहतो, आणि थर्मामीटर सगळ्यांना फसवतो. रात्र असो, पाऊस असो, कॅज्युअल्टीला जायचं आणि दारातच सांगायचं: ‘केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली.’ तारखेचा कागद पाकिटात असावा. हे वाक्य न बोलल्यामुळे तापाच्या सर्वसाधारण रांगेत बसून राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

इतर त्रासांबद्दलही आधी विचारता येतं. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने मूत्रपिंडाला आणि कानाला इजा होऊ शकते, म्हणून सलाइन आणि रक्ततपासण्या. डॉक्सोरुबिसिन या दुसऱ्या औषधाने हृदयाला, म्हणून आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तोंडाच्या कॅन्सरवर रेडिएशन सुरू होण्यापूर्वी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन किडलेले दात काढून घ्यायचे. शेकानंतर काढले तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर हात सुजू शकतो, त्याचे व्यायाम पहिल्यापासून शिकून घ्यावेत. हे सगळं डॉक्टर ‘लपवतात’ म्हणे. ऑपरेशनच्या आणि केमोच्या आधी ज्या संमतिपत्रावर आपण न वाचता सही ठोकतो, त्यात हेच छापलेलं असतं.

साखर: गाठ ग्लुकोज खाते हे खरं, पेट स्कॅन त्यावरच चालतो. पण भात, पेज, साखर सगळं तोडलं तरी शरीर स्वतःचे स्नायू मोडून ग्लुकोज बनवतंच. गाठीच्या आधी पेशंट उपाशी मरतो, वजन उतरतं आणि केमोचा डोस कमी करावा लागतो.

लक्ष्मणफळाची ‘दहा हजार पट’ १९९६ च्या एका प्रयोगशाळेतल्या कामातून आली. त्याच्या बियांतलं एक द्रव्य, काचेच्या भांड्यातल्या आतड्याच्या कॅन्सरपेशींवर. माणसावर नाही, आणि आपण बिया खातही नाही. ग्वाडलूप बेटावर या कुळातली फळं आणि पानांचा काढा नेमाने घेणाऱ्यांमध्ये पार्किन्सनसारखा आजार आढळल्याचं १९९९ मध्ये नोंदलं गेलं आहे. कुळागरातलं एखादं फळ हौसेने खाल्लं तर काही बिघडत नाही. पानांचा काढा सकाळ-संध्याकाळ नको. गुळवेलीचंही तेच. कोविडच्या काळात ती घेऊन यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली, आणि केमोची कित्येक औषधं यकृतातूनच जातात. काय घेता ते डॉक्टरला सांगा, ओरडले तरी.

‘हा सगळा डॉक्टरांचा धंदा.’ खासगीत बिलं फुगवतात, नाही म्हणत नाही. पण बांबोळीतल्या पगारी डॉक्टरला केमोच्या बाटलीमागे काय सुटतं?

राहिला शेवटचा दावा, दोन लॅबच्या रिपोर्टांचा. कधीकधी खरंच जुळत नाहीत. तुकडा फार लहान असतो, काही गाठी एकमेकींसारख्या दिसतात, आयएचसीची सोय एका ठिकाणी असते आणि दुसरीकडे नसते. त्यासाठीच फेरतपासणीची पद्धत आहे, आणि टाटाला गेल्यावर ते बाहेरच्या स्लाइड पुन्हा स्वतः पाहतात. तेव्हा मुंबईची गाडी धरण्याआधी लॅबमध्ये लेखी अर्ज देऊन स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक, दोन्ही मागून घ्या. नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो, त्यातून नवे काप निघतात, आणि पुष्कळदा दुसऱ्यांदा सुई लावावीच लागत नाही. फक्त तो उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. स्लाइड काचेच्या असतात, लोक त्या नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतात. कडक डबीत ठेवा आणि डबीवर लॅबचा नंबर लिहा.