आजारी पडण्यापूर्वी वाचा

मिरजेहून पुण्याला बिऱ्हाड हलवलंत? मग आधी गॅस, दूधवाला, पोरांची शाळा मार्गी लावा. आजारपणाची घाई करू नका.

तुमची दिशाच उलटी आहे, हे ध्यानात ठेवा. डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत इस्पितळ काढलं. कर्नाटकातली माणसं अजूनही डबा-वळकटी घेऊन मिरजेला उपचारासाठी येतात. आणि तुम्ही साधा खोकला घेऊन बाणेरात डॉक्टर हुडकताय.

अंग तापलं की सोसायटीच्या ग्रुपवर विचारा. दहा मिनिटांत नऊ डॉक्टर मिळतील. त्यात चार हाडांचे, एक कुत्र्यामांजरांचा. शिवाय गुळवेलीचा काढा आणि कुणाचा तरी भाड्यानं द्यायचा टू बीएचके.

सातची अपॉइंटमेंट मिळाली तर जेवूनच निघा. तुमचा नंबर आला की बॅग सावरत औषध कंपनीचा एमआर उठतो, 'दोनच मिनिटं हं.' त्या दोन मिनिटांत ताप आपसूक उतरतो. याला उपचारच समजा.

जुने कागद न्यायला विसरू नका. औषधांची नावं सुवाच्य, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावीत, असा मेडिकल कौन्सिलचा 2016 पासूनचा नियम आहे. आमच्या मिरजेच्या डॉक्टरांनी तो बहुधा स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतला. पुढे त्यांनाही तो लागला नाही.

आता कागदाचं युग नाही म्हणता? मग 'आभा' काढा. 14 आकडी सरकारी हेल्थ नंबर. सगळे रिपोर्ट म्हणे तुमच्या मागोमाग येतात. मी काढला. आत माझं नाव होतं आणि फोटो होता. मला सल्फाचं औषध चालत नाही, ही नोंद मात्र मिरजेच्या डॉक्टरांच्या डोक्यात आहे, आणि ते डोकं अजून लिंक झालेलं नाही.

राहता राहिला फॉर्म. आधार, ब्लडग्रुप, ऑफिसचा पत्ता, आणि खाली चांदणीवाला रकाना: 'फॅमिली डॉक्टरचं नाव'. तोच शोधायला आलोय, असं काउंटरवर सांगून बघितलं.

"चांदणीवाला रिकामा ठेवता येत नाही, सर."

मी मिरजेच्या डॉक्टरांचं नाव लिहिलं. पुढे गाव लिहिलं. पोरीनं वाचलं आणि कौतुकानं मान वर केली.

"अय्या, मिरजेहून आलात? तिकडे डॉक्टर नाहीत का?"