याउईचा माग काढणाऱ्यांनी आधी रान बघावं

‘ऑस्ट्रेलियात याउई नावाचा महाकाय वानरमानव असल्याचं सिद्ध झालंय’ असा एक मजकूर सध्या भावंडांच्या ग्रुपपासून इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: मूळ रहिवासी त्याला हजारो वर्षं ओळखतात, ३००० हून जास्त लोकांनी त्याला पाहिलंय, पावलांचे साचे आणि झाडांवर दातांच्या खुणा आहेत, तो आशियातल्या जायगँटोपिथेकस या महावानराचा वंशज आहे, रान अफाट असल्यामुळे तो हाती लागत नाही, आणि शास्त्रज्ञ हे सगळं दडवून ठेवतात.

मी वेंगुर्ल्याकडची, आता सिडनीत राहते. जमेल तेव्हा ब्लू माउंटन्सच्या रानात चालायला जाते. मजकुरात याउईचं घर म्हणून सांगितलेलं रान हेच. त्या रानाबद्दल आणि तिथल्या मूळ लोकांबद्दल जे सर्रास पसरवलं जातंय, त्याने मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी मूळ रहिवाशांचा मुद्दा, कारण सगळ्यात मोठा अन्याय तिथेच होतो. कामिलरॉय या इथल्या मूळ लोकांच्या भाषेचा अभ्यास करणारे विल्यम रिडली यांनी १८७५ साली छापलेल्या पुस्तकात ‘यो-वी’ हा शब्द नोंदवलाय. अर्थ दिलाय, रात्री पृथ्वीवर फिरणारा आत्मा. प्राणी नव्हे, माकड तर नव्हेच. एकोणिसाव्या शतकातले गोरे वसाहतवाले रानातल्या केसाळ प्राण्याच्या गोष्टी सांगायचे तेव्हा त्याला ‘याहू’ म्हणायचे. ‘याउई’ हे नाव महावानराला चिकटलं ते १९७० च्या दशकात, याउईच्या मागावर असलेल्या रेक्स गिलरॉय यांच्या प्रचारामुळे. म्हणजे एका समाजाच्या श्रद्धेतला शब्द उचलला, त्यावर आपल्याला हवा तो प्राणी बसवला, आणि मग त्याच समाजाला साक्षीला उभं केलं.

हे आपल्याकडे झालं तर कसं वाटेल बघा. आमच्या भागात आरवलीला वेतोबा आहे. नवस फेडायला लोक त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या चपलांचे तळवे झिजतात, असं माझी आजी सांगायची, आणि सांगताना हात जोडायची. उद्या बाहेरून कुणी आलं, त्या चपलांना टेप लावली आणि ‘कोकणात नऊ फुटी वानर असल्याचा पुरावा मिळाला’ म्हणून जगभर छापलं, तर आरवलीच्या माणसाला काय वाटेल? वेतोबा गावाचा धनी आहे, त्याला कुणी जनावरांच्या यादीत घालत नाही. इथल्या दक्षिण किनाऱ्यावरच्या युइन या मूळ लोकांच्या दुलागाल नावाच्या केसाळ रानमाणसाच्या कथाही त्यांच्या डोंगरांशी आणि रीतिरिवाजांशी बांधलेल्या आहेत. त्या कथांचा मान राखायचा असेल तर त्या त्यांच्याच तोंडून आणि त्यांच्याच अर्थाने ऐकायला हव्यात.

आता ३००० साक्षीदार. हा आकडा गिलरॉय यांनी स्वतः गोळा केल्याचा दावा केलेल्या हकिकतींचा आहे, तपासून खऱ्या ठरलेल्या नोंदींचा नाही. ज्यांनी पाहिलं ते सगळे खोटारडे, असं मी मुळीच म्हणत नाही. बिल ओ’ची नावाच्या क्वीन्सलँडच्या माजी सिनेटरनेही शाळकरी वयात स्प्रिंगब्रुकला असा प्राणी पाहिल्याचं सांगितलंय. माणूस प्रामाणिकपणे चुकू शकतो, आणि याचं सगळ्यात दुःखद उदाहरण याच देशात आहे. टास्मानियन वाघ हा कुत्र्यासारखा दिसणारा, पाठीवर पट्टे असलेला खराखुरा प्राणी. पिंजऱ्यातला शेवटचा १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्यानंतर आजवर शेकडो लोकांनी तो दिसल्याचं सांगितलं. शिकारी, वनरक्षक, अनुभवी माणसं. त्यातून एकही प्राणी, एकही निर्विवाद फोटो हाती आला नाही. खऱ्या प्राण्याच्या बाबतीत नजर इतकी फसते, तर ज्याचं हाडही कुणी पाहिलेलं नाही त्याच्याबद्दल नुसत्या संख्येवर कसा विश्वास ठेवायचा?

शिवाय हे रान रात्री फसवतंच. पहिल्यांदा तंबूत झोपले होते तेव्हा मध्यरात्री घोरण्यासारखा, मध्येच ओरबाडल्यासारखा खर्जातला आवाज आला आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मला वाटलं, तंबूमागे बैलाएवढं काहीतरी उभं आहे. तो नर कोआला होता, विणीच्या हंगामातला. कोआलाच्या घशात एक वेगळी जाड स्वरघडी असते. तिच्यामुळे त्याचा आवाज त्याच्या आकाराच्या प्राण्याच्या मानाने सुमारे २० पट खालच्या पट्टीत जातो. आणि इथलं भुंकणारं घुबड कधीकधी अशी किंकाळी फोडतं की बाई जिवाच्या आकांताने ओरडतेय असंच वाटावं. ज्याला हे ठाऊक नाही त्याने याउई ऐकला म्हटलं, तर त्याला मी दोष देणार नाही.

झाडांवरच्या दातांच्या खुणांचा मुद्दा मी फार जवळून पाहिलाय. ब्लू माउंटन्समधल्या कटूम्बा गावाजवळ एका वाटेवर वॉटल या झाडाच्या खोडात मूठभर खोल खड्डा होता, कडा फाटलेल्या, आणि झाडाखाली ताज्या, ओलसर ढलप्यांचा खच. मजकुरातल्या फोटोसारखाच तो दिसत होता. वर बघितलं तर पिवळ्या शेपटीचे दोन काळे काकाकुवा. खोडात दडलेल्या अळ्या काढायला ते लाकूड अक्षरशः फोडतात. त्याआधी साल खालच्या बाजूला सोलून तिचाच पाट करतात आणि त्यावर पाय रोवून चोच चालवतात. निलगिरीच्या खोडावर इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचा दिसल्या तर त्या पिवळ्या पोटाच्या ग्लायडरच्या. हा शेकरूहून थोडा लहान, झाडावरून झाडावर तरंगत जाणारा प्राणी रस चाटायला सालीला दात लावतो. याउईच्या नावावर खपवलेल्या या खुणा म्हणजे या जिवांची रोजची मेहनत आहे.

पावलांच्या साच्यांबद्दल फार लिहीत नाही. त्यात कुठे तीन बोटं, कुठे चार, कुठे पाच. एकाच जातीच्या प्राण्याच्या पायाची बोटं ठिकाणागणिक बदलत नाहीत.

जायगँटोपिथेकस खरोखर होता. १९३५ मध्ये फॉन कोनिग्सवाल्ड या संशोधकाला हाँगकाँगच्या औषधाच्या दुकानात त्याचा दात मिळाला. नंतर दक्षिण चीनच्या गुहांतून चार जबडे आणि जवळपास २००० दात निघाले. २०२४ च्या अभ्यासानुसार तो २,९५,००० ते २,१५,००० वर्षांपूर्वी नामशेष झाला. पण चीनपासून ऑस्ट्रेलियापर्यंत मध्ये खोल समुद्र आहे, हिमयुगात पाणी उतरलं तेव्हाही तो सलग कोरडा झाला नव्हता. म्हणूनच इथे कांगारू आणि कोआला, तर तिकडे वाघ आणि वानर. क्वीन्सलँडच्या रिव्हर्सलेमध्ये अडीच कोटी वर्षांपर्यंतचे जीवाश्म सापडतात, त्यात वानराचा एक दातही नाही. आणि हा प्राणी खाणार काय? प्रौढ नर गोरिलाला दिवसाला १५-२० किलो पाला लागतो. निलगिरीचा पाला विषारी आणि निकस. तो पचवणारा कोआला दिवसातले वीसेक तास झोपून काढतो.

‘रान अफाट आहे’ हा मुद्दा वरवर पटतो. १९९४ मध्ये सिडनीपासून साधारण १५० किलोमीटरवर वोलेमाय पाइन हे झाड सापडलं, तोवर ते फक्त जीवाश्मांतूनच माहीत होतं, आणि मजकुरात त्याचाच दाखला दिलाय. पण झाड एका घळीत उभं राहतं. ते रस्ता ओलांडत नाही, गाडीखाली येत नाही. लपण्यात पटाईत अशा प्राण्याचंच उदाहरण हवं असेल तर नाइट पॅरट घ्या. हा रात्री हिंडणारा, वीतभर लांबीचा पोपट कित्येक दशकं कुणालाच सापडत नव्हता. तरी १९९० मध्ये क्वीन्सलँडच्या बुलियाजवळ रस्त्याच्या कडेला तो मेलेला सापडला, २००६ मध्ये आणखी एक, आणि २०१३ मध्ये जिवंत पक्ष्याचे फोटो मिळाले. वीतभर पाखरू मेलं तरी मागे देह ठेवून जातं. वॉम्बॅटसारखा लाजाळू प्राणीही दगडादगडावर चौकोनी लेंड्या टाकून आपला पत्ता सांगतो. अडीच मीटरच्या वानराची विष्ठा आजवर कुणाच्याच बुटाला कशी लागली नाही?

आणि २०१९-२० चा वणवा. ब्लू माउंटन्सच्या जागतिक वारसा क्षेत्राचा सुमारे ८० टक्के भाग त्यात जळाला. आमच्या गॅलरीत रोज सकाळी राखेचा थर असायचा. वणव्यानंतर लोक रानात शिरले ते जनावरं शोधायलाच. होरपळलेले कोआला ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणले, कड्यांवरच्या रॉक वॉलबी या छोट्या कांगारूंसाठी हेलिकॉप्टरमधून गाजरं आणि रताळी टाकली, कुठे काय उरलंय ते बघायला जळक्या खोडांना कॅमेरे बांधले. कांगारू सापडले, सरडे सापडले, घुबडं सापडली, मेलेली आणि जिवंतही. आडोसा नाही, पाला नाही, पाणी आटलेलं, अशा वेळी याउईंचा एक अख्खा कळप कुठे गेला होता? ज्यांनी ती जळकी पिल्लं हातात घेतली त्यांच्यापैकी कुणालाही विचारा.

राहिला शास्त्रज्ञांनी दडवल्याचा आरोप. १८८२ मध्ये हेन्री मॅकूई नावाच्या गृहस्थाने वर्तमानपत्रात लिहिलं होतं की मी असा वानर पाहिलाय आणि ४० पौंड दिलेत तर ऑस्ट्रेलियन म्युझियमला पकडून देतो. वानर काही आला नाही. त्याच्या ऐंशीहून जास्त वर्षं आधी याच देशातून बदकाच्या चोचीचं एक केसाळ कातडं लंडनला गेलं होतं. १७९९ मध्ये ते तपासणाऱ्या जॉर्ज शॉ यांनाही ते कुणीतरी जोडून बनवलंय की काय अशी शंका आली होती. पण कातडं समोर होतं, म्हणून प्लॅटिपस मान्य झाला. हिमालयातल्या यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने २०१७ च्या एका अभ्यासात जनुकीय कसोटीवर तपासले गेले. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. शास्त्रज्ञांनी ते झिडकारले नाहीत, तपासले आणि निकाल छापला.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाला रानात खरोखर केसांचा विचित्र पुंजका दिसला, तर आधी शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. हात न लावता चिमट्याने उचला आणि कागदाच्या पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि डीएनए खराब होतो. पाकिटावर जागा आणि तारीख लिहा. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये वन्यजीवांच्या जनुकांची प्रयोगशाळा आहे, तिथे आधी फोन करून विचारा.