सोडवायला आलेल्यांच्या हातात बंदुका होत्या

२३ मार्च २००६ला बगदादमधल्या एका घरात ब्रिटिशांच्या नेतृत्वाखालची तुकडी शिरली आणि जवळजवळ चार महिने ओलीस असलेल्या तिघांना बाहेर घेऊन आली. एकही गोळी झाडावी लागली नाही. पहाऱ्यावरचे लोक तिथे नव्हतेच. आणि चौथा ओलीस, टॉम फॉक्स, तोही नव्हता. त्याचा मृतदेह दोन आठवडे आधी त्याच शहरात सापडला होता.

हे चौघे ‘ख्रिश्चन पीसमेकर टीम्स’बरोबर गेले होते. मेनोनाइट, ब्रेदरन आणि क्वेकर या युद्ध नाकारणाऱ्या ख्रिस्ती पंथांतून उभी राहिलेली ही संघटना. इराकमध्ये त्यांचं काम काय, तर अमेरिकन सैन्यानं उचलून नेलेल्या माणसांच्या घरच्यांना भेटायचं, कोण कुठल्या तुरुंगात आहे त्याचा पत्ता काढायचा, मारहाणीच्या हकिकती लिहून घ्यायच्या. अबू घ्रैब तुरुंगात अमेरिकन सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाचे फोटो जगाला दिसण्याच्या आधीपासून हे चालू होतं. म्हणजे अपहरणकर्ते ज्या कैद्यांना सोडा म्हणून धमक्या देत होते, त्याच कैद्यांसाठी ही माणसं खेटे घालत होती. फॉक्स व्हर्जिनियाचा क्वेकर. आयुष्याची वीस वर्षं अमेरिकन मरीन कोअरच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला. बाकीच्यांत नॉर्मन केंबर हे सत्तरी ओलांडलेले लंडनचे बॅप्टिस्ट प्राध्यापक, आणि जेम्स लोनी व हरमीतसिंग सूदन हे दोघे कॅनेडियन.

तिघे सुटले आणि ब्रिटनमध्ये ओरड सुरू झाली. शांतीचे पाठ द्यायचे आणि जिवावर बेतलं की सैनिकांनीच सोडवायचं! लष्करप्रमुख जनरल माइक जॅक्सन यांनी तर टीव्हीवर खंत बोलून दाखवली, की आभाराचा सूर काही ऐकू आला नाही. संघटनेच्या पहिल्या पत्रकात सैनिकांचा उल्लेख नव्हता, तो नंतर घातला गेला. माझ्या मते ही त्यांची चूकच. जीव धोक्यात घालून दारात आलेल्या माणसाला धन्यवाद म्हणायला कुठलं तत्त्व आडवं येतं? पण केंबर हीथ्रोला उतरले तेव्हा त्यांनी दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या: टिकाऊ शांतता शस्त्रानं येते असं मी मानत नाही, आणि मला सोडवणाऱ्यांच्या धैर्याला मी सलाम करतो, त्यांचे आभार मानतो. टीकाकारांना यात विसंगती दिसली. मला नाही दिसत. सैनिकाचे आभार मानले म्हणजे बंदुकीला पाठिंबा दिला असं होत नाही.

आणखी एक गोष्ट त्या गोंगाटात बुडून गेली. इराकमधल्या या कार्यकर्त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं की आमचं अपहरण झालं तर आम्हाला सोडवायला बळ वापरू नका, आणि आम्हाला इजा करणाऱ्यांना शिक्षा देण्यासाठीही हिंसा नको. फॉक्सचा याला होकार होता. सरकारनं आपलं कर्तव्य केलं, ठीक. पण यांनी जीव वाचवण्याची मागणी कुणाकडे केली नव्हती, एवढं तरी खरं बोलावं.

या हट्टाचं मूळ साडेतीनशे वर्षं जुनं आहे. जानेवारी १६६१मध्ये लंडनमध्ये एका कडव्या गटानं येशूचं राज्य आणण्यासाठी तलवारी उपसल्या. बंड चिरडलं गेलं आणि त्याच्याशी संबंध नसलेले हजारो क्वेकर तुरुंगात गेले. तेव्हा क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स आणि आणखी अकरा जणांनी दुसऱ्या चार्ल्स राजाला निवेदन दिलं: आम्ही शस्त्र घेऊन लढणार नाही, या जगातल्या राज्यांसाठी नाही आणि ख्रिस्ताच्या राज्यासाठीही नाही. आपण निरुपद्रवी आहोत हे राजाला पटवण्याचा व्यवहारही त्यात होता, नाही कशाला म्हणा. तरी त्या वाक्याचा दुसरा भाग मला फार मोठा वाटतो. त्यांनी आधी स्वतःच्याच धर्माच्या हातातली तलवार काढून घेतली.

सगळेच क्वेकर हे पाळू शकले असं नाही. पहिल्या महायुद्धात लढण्याच्या वयाच्या ब्रिटिश क्वेकरांपैकी सुमारे एक तृतीयांश फौजेत भरती झाले. उलट टोकाला, १९१६मध्ये लढायला नकार देणाऱ्या ३५ जणांना फ्रान्समध्ये नेऊन मृत्युदंड सुनावला गेला, मग तो दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला. त्यांतही क्वेकर होते. (आणि हो, व्हिएतनाम युद्ध चालवणारे अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन जन्मानं क्वेकर. तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नये.)

मी नगरची, मराठी ख्रिस्ती कुटुंबातली. सार्वजनिक ठिकाणी श्रद्धा दाखवणं म्हणजे मिरवणूक, कमान, लाऊडस्पीकर आणि दुखावलेल्या भावना, हे सगळ्याच धर्मांचं मी लहानपणापासून पाहतेय. आमचेही ‘हक्क’ म्हणून मोर्चे निघतात. काही अगदी रास्त असतात, मीही जाते. पण आपला हक्क आपणहून सोडून देणं हीसुद्धा रस्त्यावर दिसणारी श्रद्धा असू शकते, हे फारसं कुणी दाखवत नाही. महाराष्ट्राला ही माणसं परकी नव्हेत, खरं तर. सेवाग्रामला नई तालीमचं, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचं, काम सांभाळलेल्या मार्जोरी साइक्स क्वेकरच होत्या.

डिसेंबर २००६मध्ये केंबर, लोनी आणि सूदन लंडनमध्ये पत्रकारांसमोर आले. संशयित पकडले गेले होते, खटला इराकी न्यायालयात चालणार होता आणि फाशीची शक्यता होती. तिघांनी सांगितलं की आमच्याशी जे केलं त्याबद्दल आम्ही त्यांना विनाअट माफ केलंय, त्यांना फाशी देऊ नका. माफी दिली ती स्वतःवर झालेल्या अन्यायापुरती. फॉक्सच्या वतीनं माफ करायचा हक्क त्यांना नव्हताच, असं मला वाटतं. फॉक्सला काय हवं होतं, ते त्या कागदात आधीच होतं.

दर रविवारी आम्ही प्रार्थनेत म्हणतो की आम्ही आमच्या ऋण्यांचं ऋण सोडलंय. या वेळी उपवासकाळात एका संध्याकाळी मंडळीत या चौघांची गोष्ट सांगावी, असं मी पाळकसाहेबांना सुचवलंय. ‘बघू’ म्हणालेत.