सगळ्यांना पुरेल एवढे एकच रूट

डेटाबेसमध्ये प्रत्येक माणसासाठी आणि प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनसाठी वेगळे खाते उघडावे व त्याला लागतील तेवढेच अधिकार द्यावेत, असे सांगणाऱ्यांचे आपण मुळीच ऐकू नये. आपण रूट हे एकच, सगळे अधिकार असलेले खाते ठेवावे आणि त्याचा पासवर्ड वेबसाइटच्या कॉन्फिग फाइलीत, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आणि तीन महिन्यांसाठी आलेल्या प्रशिक्षणार्थीच्या वहीत सारख्याच उदारपणे वाटावा. उद्या एखादे टेबल नाहीसे झाले, तर लॉगमध्ये एकच नाव सापडेल आणि चौकशी कशी झटपट आटोपेल!

मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीत नाव आणि होस्ट (जोडणी ज्या यंत्रावरून येते ते) या दोहोंनी मिळून खाते ठरते, हेही लक्षात ठेवू नये. होस्टच्या जागी टक्क्याचे चिन्ह घातले की कोणत्याही यंत्रावरून आत येता येते. लोकलहोस्टचे, म्हणजे सर्व्हरच्याच यंत्रावरून येणारे, रूट निराळे, टक्क्याचे रूट निराळे आणि दोघांचे पासवर्डही निराळे, हा साक्षात्कार एकाचा पासवर्ड बदलून दुसऱ्याचा जुनाच राहिल्यावर आपोआप होतो.

यथावकाश पासवर्ड हरवेलच. तेव्हा पासवर्ड बदलणारी एक ओळ फाइलीत लिहावी, इनिट-फाइल या पर्यायाने ती दाखवून सर्व्हर सुरू करावा आणि काम होताच ती फाइल पुसावी, हा सभ्य मार्ग धरू नये. त्यात थरार तो कसला? त्यापेक्षा स्किप-ग्रँट-टेबल्स हा पर्याय लावून सर्व्हर सुरू करावा, म्हणजे पासवर्डाची तपासणीच थांबते आणि जो येईल तो सर्वाधिकारी ठरतो. आवृत्ती 8.0 मध्ये हा पर्याय लावताच नेटवर्कवरून येणाऱ्या जोडण्याही बंद होतात. कोणाला तरी आपली फारच काळजी दिसते. पासवर्ड बदलणारी ऑल्टर यूजर ही आज्ञा या अवस्थेत नाकारली जाते आणि आधी फ्लश प्रिव्हिलेजेस देऊन अधिकारांची टेबले पुन्हा वाचायला लावावी लागतात, हे मात्र अर्धा तास सर्व्हरला शिव्या घातल्यानंतरच शोधावे. पोस्टग्रेस ही दुसरी डेटाबेस-प्रणाली वापरणाऱ्यांनी खट्टू होऊ नये. त्यांनी कोणाला कसे आत घ्यायचे हे ठरवणाऱ्या पीजी-एचबीए फाइलीत ट्रस्ट लिहिले की त्यांच्याकडेही पासवर्ड विचारला जात नाही.

नवा पासवर्ड कमांडच्याच ओळीत टंकावा. तो शेलच्या, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीच्या, इतिहासात राहतो आणि आपल्याला, तसेच इतर गरजूंना, सापडतो. शेवटी स्किप-ग्रँट-टेबल्सची ओळ कॉन्फिग फाइलीतून काढायला विसरावे, म्हणजे पुढच्या वेळी पासवर्ड हरवला आहे हे कळणारसुद्धा नाही.