दंड वाढवा, पुण्य वाढेल

नाशकात इस्लामी तत्त्वांवरची बिनव्याजी पतसंस्था चालवताय आणि संचालकांनी यंदा ‘सामाजिक व पर्यावरणीय परिणाम अहवाल’ मागितलाय? घाबरायचं कारण नाही. इस्लामिक बँकिंगचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बाजूला ठेवला. तेव्हा अहवालातलं तुमचं गणित तपासायला ती काही येत नाही.

आधी लाभार्थी. माणसं मोजू नका, व्हाउचर मोजा. समजा, 120 बायकांनी दागिने ठेवून वर्षात तीनदा कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी कर्ज, घेतलं. झाले 360. घरटी पाच माणसं धरा: 1,800. तिसरं कर्ज दुसरं फेडायलाच घेतलं होतं का, असलं काही विचारत बसू नका. कर्ज देण्यापूर्वी घरची मिळकत आणि सावकाराचं देणं लिहून ठेवलंत, तर वर्षाने त्याच घरी पुन्हा जावं लागतं. शिवाय कर्ज न मिळालेली घरंही तपासावी लागतात. नोंदच नसेल, तर कांद्याच्या भावाने सावरलेलं घरसुद्धा आपल्या खात्यावर टाकता येतं.

मुराबहाचं, म्हणजे संस्थेने वस्तू स्वतः घेऊन ठरलेला नफा धरून कर्जदाराला विकण्याचं, कलम जरा नाजूक. लाखाची सेकंडहँड रिक्षा 1,12,000ला विकलीत, बारा सारख्या मासिक हप्त्यांत. ‘नफा 12 टक्के’ एवढंच छापा. मुद्दल दर महिन्याला उतरत जातं, म्हणून घटत्या शिलकीवर हाच दर साडेएकवीसच्या घरात पोचतो. तेव्हा व्याजवाल्या बँकेचा दर शेजारी छापू नका. विकण्याआधी रिक्षा संस्थेच्या ताब्यात आली होती का, हा प्रश्नही टळलेला बरा.

आता हुकमाचा एक्का: उशिराचा दंड. तो उत्पन्नात धरायचा नाही, दानधर्मात द्यायचा, असं बहारीनच्या आयोफी या मानकसंस्थेचा नियम सांगतो. म्हणजे हप्ते जितके थकतील, तितका तुमचा ‘समाजकार्यावरील खर्च’ वाढला! गारपिटीने द्राक्षबागा झोपल्या, तर अहवालाला सोन्याचे दिवस. दंड कोणाच्या खिशातून आला, याचा रकाना ठेवू नका. त्यातूनच त्या थकबाकीदाराला शिधा दिलात, तर तो लाभार्थी म्हणूनही मोजता येतो.

पर्यावरण त्यामानाने सोपं. वाईनरीचा अर्ज नाकारला, की अर्धं काम झालं. निफाडच्या खायच्या द्राक्षांवर किती फवारण्या पडल्या, मालेगावच्या सायझिंगच्या (सुताला खळ देण्याच्या) बॉयलरमध्ये काय जळलं, हे हलाल-हरामच्या चाळणीत अडकत नाही. कुराणात ‘हलाल’ला लागूनच ‘तय्यिब’ आहे, म्हणजे चांगलं, शुद्ध. पण त्याला तक्त्यात जागा कुठे? वीज फक्त कार्यालयाची मोजा. कर्जदारांचे यंत्रमाग हिशेबात आले, की तुमच्या एलईडी दिव्यांची बचत दिसेनाशी होते. रोपं लावल्याचा आकडा लावल्या दिवशीच लिहा, मे महिन्यात नको.

मुखपृष्ठावर गोदावरी हवीच. फोटो पाणवेली उपसण्याआधी काढा, नदी हिरवीगार दिसते.