ज्यूकबॉक्सच्या ‘जास्तीच्या’ दोन वायरी कापू नका

भुसावळहून मामांचा फोन आला. "मन्ही मशीन आते बोलत नही रे." आवाज इतका उतरलेला की मला वाटलं घरातच कुणाचं काही झालं. जळगावहून भुसावळ अर्ध्या तासाचं, त्याच दिवशी गेलो.

मशीन म्हणजे त्यांचा ज्यूकबॉक्स, नाणं टाकून गाणं लावायची पेटी. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या वाजवणारा, म्हणजे १९४९ साली ४५च्या लहान तबकड्या बाजारात आल्या त्याच्या आधीच्या पिढीतला. मामा रेल्वेत असताना मुंबईतलं एक इराणी हॉटेल आवरत होतं, तिथून त्यांनी तो घेतला. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी आल्या की तो लागायचाच. गेले काही महिने त्याचा आवाज फाटत होता. तेवढ्यात त्यांच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर तो मेसेज आला. तो मला याआधीही दोनदा आला होता. मी वाचून सोडून दिला होता, हे आता मला खुपतंय.

मेसेजात सांगितलंय ते असं. जुना कागदी स्पीकर दुरुस्त होत नाही, भंगारात द्या. त्याजागी २०० वॉटचा कारचा स्पीकर बसवा, आवाज दहापट होईल. ओहम, म्हणजे स्पीकरचा रोध, बघायची गरज नाही. जुन्या स्पीकरला चार वायरी असतील तर त्यातल्या दोन जास्तीच्या; त्या कापून टेप लावा किंवा एकमेकींना जोडून टाका. आवाज जाड आणि गाणं संथ झालं असेल तर कोन, म्हणजे स्पीकरचा कागदी पडदा, म्हातारा झाला समजा. मॅग्नेट मोठा तेवढा आवाज चांगला. नवा स्पीकर जोडताना दीड व्होल्टचा सेल लावून प्लस-मायनस बघा.

मामांनी वायरी कापल्या होत्या. टेप लावली होती, पण ऐन उन्हाळ्यातली टेप, डिंक सुटून एक टोक उघडं पडलेलं. त्याच पेटीच्या मागे मामी रोज फडकं मारते. मी प्लग काढला, पाच मिनिटं थांबलो आणि मीटर लावला. प्लग काढलेल्या मशीनमध्ये, त्या उघड्या टोकावर, २१० व्होल्ट. हे लिहितानाही माझा हात थरथरतो.

म्हणून आधी त्या दोन वायरींचंच बोलतो.

आज आपण बघतो त्या स्पीकरच्या पाठीला कायमचा चुंबक असतो. सुरुवातीला तसं नव्हतं. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी हलत्या कॉइलच्या, बिनकर्ण्याच्या स्पीकरवर जो निबंध मांडला, आजचे बहुतेक सगळे स्पीकर त्याचेच वंशज आहेत. त्यांच्या स्पीकरमध्ये चुंबकाचं काम तांब्याच्या तारेची मोठी गुंडाळी करत होती. हवा तेवढा जोरदार कायमचा चुंबक स्वस्तात मिळत नव्हता, म्हणून विजेवर चालणारा चुंबक. त्या गुंडाळीला फील्ड कॉइल म्हणतात. १९४०च्या दशकापर्यंतच्या कितीतरी रेडिओंत आणि ज्यूकबॉक्सांत हीच असते. चारपैकी दोन वायरी आवाजाच्या, दोन या कॉइलच्या. त्यांना जास्तीच्या म्हणणारा माणूस या स्पीकरच्या पाठीमागे कधी वाकलेला नाही.

आणि ही कॉइल नुसतं चुंबकाचं काम करत नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा नकाशा मामांच्या पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे, पिवळा पडलाय पण वाचता येतो. त्यात स्वच्छ दाखवलंय: रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा), मग पहिला कंडेन्सर (वीज साठवणारा), मग फील्ड कॉइल, मग दुसरा कंडेन्सर, आणि तिथून पुढे सगळ्या व्हॉल्व्हना, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या काचेच्या नळ्यांना, हाय टेन्शन, म्हणजे जास्त व्होल्टची वीज. म्हणजे व्हॉल्व्हकडे जाणारी सगळी वीज या कॉइलमधून जाते. जाताना तिच्यातली घरघर कॉइल गाळून घेते. एकाच गुंडाळीकडून दोन कामं करून घेतलेली आहेत.

आता ती कापली की काय होतं? व्हॉल्व्ह उपाशी, आवाज शून्य. पहिला कंडेन्सर मात्र पूर्ण चढतो, नेहमीपेक्षा जास्त चढतो, कारण त्याच्यातली वीज खाणारं पुढे कुणी उरलेलं नसतं. आणि त्याच कारणाने प्लग काढला तरी तो लवकर उतरत नाही. मशीन गप्प आहे, दिवा बंद आहे, आणि कापलेल्या टोकावर जीव घेण्याइतका दाब बसलेला आहे. ‘टेप लावा’ या दोन शब्दांत मेसेजने हे उरकलंय.

‘किंवा एकमेकींना जोडा’ हा दुसरा पर्याय. मामांच्या कॉइलचा रोध मी मोजला, ९८० ओहम. तिच्यातून ०.१ अँपियर जात असेल तर ९८ व्होल्ट तिच्यातच खर्च होतात, आणि जवळजवळ १० वॉटची उष्णता ती गिळते. त्या वायरी जोडून टाकल्या की हा शंभरेक व्होल्टचा भार थेट व्हॉल्व्हवर आणि पुढच्या कंडेन्सरवर येतो. शिवाय गाळणी गेली, म्हणून नव्या स्पीकरमधून ऐकू येते ती मोठी घरघर. असा व्हॉल्व्ह आज भुसावळच्या कुठल्या दुकानात मिळणार आहे?

फील्ड कॉइलचा स्पीकर खरोखरच गेला असेल तर कायमच्या चुंबकाचा बसवता येतो, नाही असं नाही. पण मग कॉइलच्या जागी चोक, म्हणजे घरघर गाळणारी दुसरी गुंडाळी, हवी आणि उरलेला रोध भरून काढणारा रेझिस्टर हवा. हे आधी मोजावं लागतं. १० वॉट खाणाऱ्या जागी निदान २५ वॉटचा रेझिस्टर घालावा, नाहीतर आतलं लाकूड काळं पडतं.

२०० वॉटचं आता. स्पीकरवर छापलेले वॉट म्हणजे तो किती सोसेल. तो किती देईल याचा तो आकडा नाही. रावेरला दहा टनांचा ट्रक उभा केला म्हणून बागेत केळी दहा टन निघत नाहीत. मशीनचा अ‍ॅम्प्लिफायर १५ वॉटचा असेल तर १५च येणार. खरा आकडा असतो संवेदनशीलतेचा: १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. जुने मोठे, हलक्या कागदाचे स्पीकर साधारण ९५च्या पुढे देतात, कारचे ८८-९०च्या आसपास. दर ३ डेसिबलला दुप्पट ताकद लागते, १० डेसिबलला दहापट. म्हणजे मेसेज ‘दहापट’ म्हणतो ते उलट्या बाजूने खरं ठरू शकतं.

ओहमही बघावेच लागतात. कारचा स्पीकर बहुधा ४ ओहमचा. जुन्या मशीनचा ट्रान्सफॉर्मर ८ किंवा १६साठी गुंडाळलेला असेल तर व्हॉल्व्हवर चुकीचा भार पडतो, ताकद घटते आणि आवाज खरखरतो. मीटर लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा की ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६-७च दाखवतो. तो बिघाड नव्हे. आणि व्हॉल्व्हचं मशीन स्पीकर न जोडता मोठ्या आवाजावर कधीही चालवू नका. ट्रान्सफॉर्मरच्या आत ठिणगी पडून तो कायमचा जातो.

संथ गाण्याचा मुद्दा वाचून मी मामांना विचारलं, पडदा म्हातारा झाला म्हणून कधी चित्रपट हळू चालतो का? कोन गाण्याचा वेग बदलू शकत नाही. अमेरिकेतली मशीनं ६० हर्ट्झवर चालायची, आपली वीज ५० हर्ट्झची. पुली बदललेली नसेल तर ७८ची तबकडी ६५च्या वेगाने फिरते, गाणं संथ होतं आणि गळा जाड होतो. यासाठी स्पीकर भंगारात देणाऱ्याचं नुकसान कोण भरून देणार?

मॅग्नेटबद्दल फार लिहीत नाही. फेराइटचा चुंबक त्याच कामाला अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकापेक्षा मोठा लागतो, म्हणून आकारावरून काहीच ठरत नाही.

कागदाचं मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. आपल्याकडचा उन्हाळा आणि धूळ कागदाला कडक करते, उंदीर कडा कुरतडतात, कोनाला मधोमध धरणारी जाळी बसली की आवाजाची कॉइल घासायला लागते. बोटांनी कोन सगळीकडून सारखा, हलकेच दाबून बघा. खरखर लागली तर काम निघालंय. पण काम निघालंय म्हणजे भंगार नव्हे. लग्नसराईत बँड आणि डीजेवाल्यांचे स्पीकर फुटतातच, त्यांचे कोन आणि कॉइल बदलणारे कारागीर जळगावात आणि धुळ्यात बसलेले आहेत. लहान चीर तर पातळ टिश्यू कागद आणि पातळ गोंद लावून घरी बुजते. ज्यांच्या कडा लवकर कुजतात ते फोमच्या कडांचे स्पीकर. ते १९७०नंतर बोकाळले, त्यांचा दोष या कागदावर लादू नका.

सेलची युक्तीही बरोबर आहे. आवाजाच्या दोन वायरींना सेल क्षणभर लावला आणि कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसकडची वायर प्लस. दोन स्पीकर असतील तर दोन्ही एकाच दिशेने हलायला हवेत, नाहीतर खर्ज एकमेकांत विरतो. एवढं एक वाक्य त्या मेसेजात कामाचं आहे.

मामांच्या मशीनचं म्हणाल, तर कापलेल्या वायरी सोल्डर करून वर स्लीव्ह घातली, कोनाच्या कडेची दोन इंची चीर बुजवली आणि पिकअपच्या (तबकडीवरून आवाज उचलणाऱ्या भागाच्या) जागी मोबाइल जोडला. गाणं स्वच्छ आलं. स्पीकर चांगलाच होता. आवाज फाटत होता पिकअपमुळे. त्या काळच्या अनेक पिकअपमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो आणि तो ५५ अंशांच्या आसपास खराब होतो. भुसावळात मे महिन्यात बाहेरच ४५ असतं, आणि बंद पेटीत शेजारी व्हॉल्व्ह तापलेले.

मेसेज वाचून कुणी वायरी आधीच कापल्या असतील तर मशीन पुन्हा लावू नका. प्लग काढा, पेटीची पाठ भिंतीकडे करा, पोरांना लांब ठेवा. व्हॉल्व्ह जाणणाऱ्या माणसाला बोलवा आणि पहिला कंडेन्सर रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय त्यालाही आत हात घालू देऊ नका. कापलेला स्पीकर फेकू नका.